मोठेबाबांची जपानी गिटार : नेक बदलावा लागेल का?

झाडीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, वैनगंगेच्या अलीकडचा. मोठेबाबा मागच्या वर्षी गेले. दसऱ्याच्या सफाईत माळ्यावर, धानाच्या पोत्यांमागे, एक काळी लाकडी पेटी सापडली. आत इलेक्ट्रिक गिटार! डोक्यावर इंग्रजीत टी-ई-आय-एस-सी-ओ अशी अक्षरं, नेकच्या (लांब दांड्याच्या) जोडावरच्या पत्र्यावर मेड इन जपान. सोनेरी पत्र्याचे दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे), खाली पांढरी टकटक बटणं. ट्रेमोलोची दांडी तुटलेली.

आता दुखणी सांगतो. पेटीचं मखमल उधईनं खाल्लंय, गिटारला मात्र हात लावला नाही. बटणं जाम आहेत. ॲम्प्लिफायरला जोडली तर एकच पिकअप बोलतो, तोही खरखर करत. अन् मोठं दुखणं म्हणजे तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) बोटभर वर आहेत. दाबून दाबून बोटं कापली, पण पहिल्या फ्रेटलाही सूर निघत नाही. गावातल्या सुताराने पाहिलं न पाहिलं अन् सांगितलं, "नेक वाकला जी, नवीन बसवा लागते." मागच्या बाजूचं पॉलिशही दोन ठिकाणी उडालंय, खालच्या अर्ध्यात, तळहाताएवढे दोन पट्टे.

पेटीत अजून एक गुळगुळीत लोखंडी कांडी, पितळेच्या तीन नख्या अन् एक वही आहे. वही बंगालीत आहे, आमच्या घरी कोणाला वाचता येत नाही.

भाऊबीजेनंतर गावात मंडई (आमच्याकडची जत्रा) आहे, रात्री नाटक. तोवर वाजती करायची आहे. नेक कुठे मिळेल? नागपुरात का थेट मुंबईला जावं?

वऱ्हाडी_ठेचा
टिस्को म्हंजे टाटाचं पोलाद ना बे? मंग थे गिटार नाइ, लोहमार्गाचा रूळ आहे. म्हणूनच तारा दबत नाइत. 😄

सहावी_तार
ठेचाभाऊ, तुमचा टाटाशी संबंध नाही, माझा गिटारशी आहे म्हणून सांगतो. टेस्को ही तोक्योची कंपनी, १९४६ मध्ये सुरू झाली. १९६७ मध्ये कावाईनं ती विकत घेतली. साठच्या दशकात त्यांनी जगभर स्वस्त गिटार पाठवल्या, तेव्हा लोक हसायचे. आता त्याच सोनेरी पत्र्याच्या 'गोल्ड फॉइल' पिकअपसाठी लोक मूळ गिटारची मोडतोड करतात. राय कूडर या अमेरिकन वादकानं आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये असला एक पिकअप बसवला, तेव्हापासून भाव चढला.

म्हणून पहिली विनंती: काही विकू नका, काही रंगवू नका, काही घासू नका. ब्रासो तर बिलकुल नाही. आणि सुताराला पुन्हा दाखवू नका.

चहा_कटिंग
नेक गेला असेल तर मूळ मिळणं कठीणच. बल्लारशाहला सागवानाचा डेपो आहे, चांगला जुना तुकडा घेऊन नवीन करवून घ्या. आमच्या भावाने असाच बुलबुलतरंगाचा पाट करवला होता.

सहावी_तार
@चहा_कटिंग, सागवानाचा नेक होतो, नाही असं नाही. पण सागात तेल असतं, गोंद पकडत नाही. जोडण्याआधी ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवावं लागतं. शिवाय फ्रेटच्या खाचांचं गणित एका मिलिमीटरने चुकलं तरी सगळी गिटार बेसूर. बुलबुलतरंगाला ही भानगड नाही. आणि आधी नेक गेलाय हे सिद्ध तर होऊ दे.

निवांत_काकू
माझ्या मते नेक वाकण्याचं कारण तुमचा कूलर. आमच्या अकोल्यात मुलाची गिटार मे महिन्यात कूलरसमोर ठेवली होती, खसचा पडदा भिजतोय आणि गिटार त्याच्याच तोंडापुढे. जूनपर्यंत नेक केळीसारखा. दुकानदार म्हणाला, लाकडाला चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता बरी. आमच्याकडे कूलर बंद केला की वीस टक्के, चालू केला की ऐंशी.

झाडीचा_पोरगा
काकू, मोठेबाबा कूलर वापरायचेच नाहीत. उन्हाळाभर आंगणात खाट. पण माळ्यावरची उष्णता तुम्हाला माहीत आहेच, ब्रह्मपुरी एप्रिल-मेत ४५-४६ पर्यंत जाते.

वाइंडिंगवाला
मी पंपाच्या मोटारी बांधतो, चंद्रपूर जिल्ह्यातच. गिटारचं मला शून्य ज्ञान, पण तुमचा मुका पिकअप माझ्या कामाचा आहे. मल्टिमीटर किलोओहमवर लावा आणि त्याच्या दोन तारांवर धरा. सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं) असेल तर साधारण पाच ते आठ किलोओहमच्या आसपास यावं. आकडाच आला नाही तर कुठेतरी तार तुटली आहे.

इथे नव्वद टक्के लोक गडबड करतात: आकडा आला नाही की "पूर्ण गुंडाळा" म्हणतात. गुंडाळायला बसू नका. पंपाची तार मी डोळे झाकून गुंडाळतो, पण ही ४२ गेजची तार, जाडी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे केसापेक्षा बारीक. कॉइलला सात-आठ हजार वेढे, श्वास सोडला तरी तुटते. तुटते बहुतेक वेळी कडेला, जिथे तिला बाहेरची जाड तार डागलेली असते. हिरवी बुरशी धरते अन् सुटते. भिंग लावून बघा. सुटलेलं टोक दिसलं तर एक वेढा उलगडून पुन्हा डाग द्या, काम संपलं.

झाडीचा_पोरगा
@वाइंडिंगवाला दादा, केलं! एक ६.९ दाखवतो, दुसऱ्याचा आकडाच येत नाही. उघडायचे स्क्रू गंजले आहेत, डोकं घासून चाललंय.

वाइंडिंगवाला
स्क्रूवर जोर नको. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर तीसेक सेकंद टेकवा, तापू द्या, निवू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. असं दोनदा. पेचकस नेमका बसेल असाच घ्या, खिशातला नको.

सहावी_तार
मी मध्ये पडतो. पिकअप गोल्ड फॉइल असेल तर मेणात बुडवायचा मोह आवरा. काही लोक शिट्टी मारू नये म्हणून पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण मिसळून ६५ अंशांच्या आसपास बुडवतात. जुनी प्लास्टिकची बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) असेल तर त्यात वितळते. आणि या पिकअपचा जो किंचित खरखरीत, जिवंत आवाज आहे, त्यात मेण नसण्याचाही वाटा आहे.

चहा_कटिंग
इतकं करण्यापेक्षा नवीन गिटार घ्या ना. आठ-दहा हजारांत छान मिळते. बॉक्ससकट.

वऱ्हाडी_ठेचा
चहाभाऊ, तुमच्या आज्जीच्या जागीही आठ-दहा हजारात नवी भेटेल का हो?

चहा_कटिंग
काऊन भडकून राहिले भाऊ, सोपा मार्ग सांगितला.

शेत_आणि_शिटी
बटणांचं सांगतो. फिरवायच्या बटणांच्या आत पोटेंशियोमीटर (आवाज कमी-जास्त करणारे) असतात, टकटक बटणांच्या आत स्विच. कॉन्टॅक्ट क्लीनर त्यांच्या फटीत मारा आणि दहा-पंधरा वेळा पुढेमागे करा. सगळे सांगतात म्हणून मीही डब्ल्यूडी-फॉर्टी मारलं होतं, चार महिन्यांत धूळ खाऊन परत खरखर. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच क्लीनर घ्या.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे म्हणून नीट वाचा. तुम्ही मंडईच्या स्टेजवर वाजवणार, तिथे जनरेटर असेल किंवा खांबावरून ओढलेली लाइन. गिटारच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. माझ्या बाबतीत २०१४ मध्ये असंच झालं. मंडप ओला होता, हात तारांवर होता आणि गाणं म्हणायला तोंड माइकला टेकलं, तेवढ्यात ओठांना जे बसलं ते आजही आठवतं. माइकचं अर्थ एकीकडे, ॲम्प्लिफायरचं दुसरीकडे. अर्थिंगचा खड्डा नावाला होता, मीठ-कोळसा कधी टाकलेला नाही. तेव्हापासून मी स्वतःचा बोर्ड नेतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावलेला. माइक आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर, त्या बोर्डाला खरीखुरी अर्थ. दोन पिनच्या प्लगचा जुना ॲम्प्लिफायर असेल तर गिटार जोडूच नका.

निवांत_काकू
हे वाचून माझा मुलगा गिटार सोडून बासरीला गेला. 😅

झाडीचा_पोरगा
शेतभाऊ, पुढच्या वेळी बोर्ड घेऊनच जातो. पण मूळ प्रश्न राहिला ना: नेक! मंडईला वीस दिवस.

सहावी_तार
मान्य, मी पिकअपमध्ये रमलो. तीन गोष्टी करून सांगा. (१) सहावी (सगळ्यात जाड) तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि त्याच वेळी जिथे नेक शरीराला मिळतो त्या शेवटच्या फ्रेटवर दाबा. तार हीच सरळ पट्टी. मग सातव्या फ्रेटजवळ तारेखाली किती फट आहे ते पाहा. (२) नटजवळ (नेकच्या डोक्याकडे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तार फ्रेटपासून किती वर आहे ते मिलिमीटरमध्ये मोजा. (३) नटनंतर लगेच, पहिल्या फ्रेटच्या जागेआधी, अजून एक फ्रेट आहे का? याला झिरो फ्रेट म्हणतात, टेस्कोला बऱ्याचदा असतो.

झाडीचा_पोरगा
(१) पहिल्या फ्रेटवर तार दाबायला अंगठ्याचं सगळं बळ लागलं, पण दाबली. सातव्याजवळ फट आहे, पोस्टकार्ड जेमतेम शिरतं. (२) नटजवळ नऊ मिलिमीटर! (३) झिरो फ्रेट आहे, पण तारा त्याला टेकतच नाहीत. त्याच्या मागे काळी लोखंडी पट्टी आहे, तारा तिच्यावर आहेत.

सहावी_तार
थांबा. नेक सरळ आहे! पोस्टकार्डाएवढी फट ही चांगल्या नेकचीच लक्षणं आहेत. नेक वाकलेला असता तर तारा मध्ये जास्त उचलल्या असत्या, नटजवळ नाही. इथे त्या उलट नटजवळच नऊ मिलिमीटर वर आहेत. झिरो फ्रेट असताना तारा त्यावर टेकायलाच हव्यात, टेकत नाहीत म्हणजे कुणीतरी मुद्दाम उचलल्यात. सुतार चुकला.

बाजार_मास्तर
मी वाचतच होतो, पण आता बोलायलाच हवं. झाडीच्या पोरा, ती काळी पट्टी गंजलेली लोखंडी 'एक्स्टेन्शन नट' आहे. पेटीतली लोखंडी कांडी म्हणजे 'स्टील'. पितळी नख्या सतारीच्या मिझराबसारख्या उजव्या हाताच्या. आणि मागच्या पॉलिशवरचे दोन पट्टे म्हणजे मांड्या. तुमच्या मोठेबाबांनी ही गिटार उभ्याने कधी वाजवलीच नाही, मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवली. तारा दाबायच्याच नसतात, वरून कांडी सरकवायची. म्हणून तर त्या इतक्या उंच आहेत.

एक खात्री करून घ्या: फ्रेट झिजलेत का? ते कोरे असतील.

झाडीचा_पोरगा
फ्रेट पाहिले मास्तर. सगळे कोरे, एकावरही खाच नाही. मी इतके दिवस तेच नशीब समजत होतो.

वऱ्हाडी_ठेचा
अरे बापा! म्हंजे तुम्ही इतके दिवस बरोबर लावलेल्या तारा दाबून दाबून बोटं कापून घेतली?

झाडीचा_पोरगा
हो ना जी. हसा.

चहा_कटिंग
आणि मी सागवानाचा नेक सांगत होतो. माफ करा.

बाजार_मास्तर
माफी कशाला, ही गिटार दिसायला स्पॅनिशच (उभी धरून वाजवायची) आहे. साठच्या नि सत्तरच्या दशकात आपल्याकडे 'गिटार' म्हटलं की बऱ्याच लोकांना हवाईयनच आठवायची. व्हॅन शिप्ली, हझारा सिंग, सुनील गांगुली अशा वादकांच्या रेकॉर्ड विविध भारतीवर लागायच्या, सिनेमाच्या गाण्यांच्या धुना. बंगालमध्ये तर तिची मोठी चाल होती. आणि बंगाली वही तुमच्याकडे आली याचं मला नवल नाही, कारण साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना चंद्रपूर जिल्ह्यात वसवलं होतं. मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला आजही ती गावं आहेत. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, तोवर ते सगळं चंद्रपूर जिल्ह्यातच. एखाद्या शिक्षकाने मोठेबाबांना शिकवलं असावं. तो माझा तर्क, वही वाचून घ्या.

मुलचेरा_मेल
वहीचा एक पानाचा फोटो इथे टाका. माझी आजी वाचते.

झाडीचा_पोरगा
टाकला! 🙏

मुलचेरा_मेल
आजीने चष्मा लावून वाचलं. सारेगम आहे, सात-आठ धुना. एका पानावर वर लिहिलंय "सुर बाँधा" म्हणजे सूर लावणं, आणि खाली बारीक इंग्रजीत सहा अक्षरं, खालून वर: ई-ए-ई-ए-सी शार्प-ई.

बाजार_मास्तर
म्हणजे ए मेजरची मोकळी ट्यूनिंग. हवाईयन वाजवणाऱ्यांत चालणारी. तशी लावली आणि कांडी बाराव्या फ्रेटवर सरळ ठेवली तर पूर्ण कॉर्ड निघेल, एकही बोट दाबायला नको. कांडी फ्रेटच्या मध्यावर नाही, नेमकी फ्रेटच्या रेषेवर धरायची. बेसूर वाजली तर दोष हाताचा, गिटारचा नाही.

सहावी_तार
तारांबाबत एक. नेहमीचा दहाचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) लावला तर सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास, म्हणजे धानाच्या एका कट्ट्याहून जास्त. साठ वर्षांच्या नेकवर एकदम पूर्ण ताण नको. एक दिवस सैल ठेवा, दुसऱ्या दिवशी सुरात आणा. ए मेजरमध्ये तीन तारा नेहमीपेक्षा दोन-दोन फ्रेट वर ओढल्या जातात, म्हणून पाहिजे तर नऊचा सेट घ्या.

आता तुमची निवड. पट्टी काढली की ती साधी उभी गिटार होते, स्पॅनिश. पट्टी ठेवली की मोठेबाबांची.

चहा_कटिंग
नाटकात काय वाजवायचंय त्यावर आहे ना. आमच्या भावाने...

वऱ्हाडी_ठेचा
चहाभाऊ, भावाचं नंतर. 😂

शेत_आणि_शिटी
विषयांतर करतो, पण हवाईयनचा नाटकाशी संबंध लागेल. झाडीपट्टीच्या (आपल्या पूर्व विदर्भाच्या) नाटकात आजही रात्रभर पेटी-तबल्यासोबत ऑक्टोपॅड असतो. एखादी धून दुःखी प्रवेशाच्या मागे हवाईयनवर वाजली तर लोक उठून चहालाही जाणार नाहीत. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातले मित्र मला विचारत होते, ही झाडीपट्टी म्हणजे काय? आता त्यांना गिटारचा धागा पाठवतो.

झाडीचा_पोरगा
मंडळी, ताजी खबर. मुक्या पिकअपचं वाइंडिंगवाला दादांचं म्हणणं शंभर टक्के निघालं. वरची सोनेरी पट्टी काढली, आत हिरवी बुरशी धरलेलं टोक सुटलेलं होतं. माझा हात थरथरत होता म्हणून बहिणीने डाग दिला, तिचा रांगोळीचा हात. आता ६.७ दाखवतो. दोन्ही बोलतात. स्क्रूसाठी तीनदा तापवावं लागलं. पेटीतली उधई कापूर ठेवून काढली, आतलं जुनं मखमल जाळलं, पेटी ठेवली.

मग काल रात्री मोठी माय आली (मोठेबाबांची बायको, ८१ वर्षांची). तिने कांडी हातात घेतली अन् लगेच म्हणाली, "हे त्याचं लोहं. मी एकदा सुपारी फोडली यानं, दोन दिवस बोलला नाही माह्याशी." मी विचारलं, बाई तू आधी काऊन नाही सांगितलं? म्हणे, "तू विचारलं का? तुम्ही तं सुताराले बोलावलं."

पट्टी काढत नाही. आता प्रश्न: कांडीला एके ठिकाणी खोल खड्डा आहे, सुपारीचा का काय ते माहीत नाही. त्याला घासून सपाट करू का?

बाजार_मास्तर
घासू नका, फक्त वाजवताना ती बाजू वर ठेवा. खड्डा तारेला लागला तर किर्र असा आवाज येईल, तेवढंच.

वाइंडिंगवाला
बहिणीला सांगा, दुकानात माणूस कमी आहे.

मुलचेरा_मेल
आजी विचारते आहे, कुठली धून आधी वाजवणार? तिला वहीच्या तिसऱ्या पानावरची ओळखू आली, फोनवर गाऊन दाखवली. रेकॉर्ड करून पाठवते.

निवांत_काकू
आणि तुम्ही पण वाजवून ऑडिओ टाका हो! इतके प्रतिसाद वाचलेत आम्ही.

झाडीचा_पोरगा
काकू, आत्ताच टाकत होतो. ॲम्प्लिफायर चालू केला, पहिला सूर काढला, अन् लाइन गेली.